मॅच संपू द्या, मग बोला

आईबाबांनो, देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत बसलेल्या पोरांचं बोलणं कधी कान देऊन ऐका. मान मोबाईलमध्ये आणि तोंडात, “अरे नॉक झालो, रिव्हाइव्ह दे! उजवीकडून रश येतोय, कव्हर दे!” घरातही हाच आरडाओरडा असतो आणि आपलं डोकं फिरतं.

यात काय चाललंय ते आधी समजून घेऊ. बीजीएमआय असो की फ्री फायर मॅक्स, पोरं बहुतेक वेळा चौघांचा स्क्वॉड करून खेळतात. ‘नॉक’ झालेला गडी मेलेला नसतो, गुडघ्यावर आलेला असतो. साथीदारानं जवळ येऊन काही सेकंद दिले तर तो उठतो, तेच ‘रिव्हाइव्ह’. तेवढा वेळ साथीदारही गोळीच्या तोंडी असतो. नेमका तेव्हाच आपण फोन हिसकावला, तर दोस्ताला वाऱ्यावर सोडल्यासारखं पोराला वाटतं. म्हणून ‘ही शेवटची मॅच’ असं सुरू होण्याआधीच ठरवा. बीजीएमआयची मोठी मॅच साधारण अर्ध्या तासात आटोपते. संपली की मात्र फोन खाली, तिथे माया दाखवू नका.

काही शब्दांकडे मात्र लक्ष ठेवा. ‘नूब’ म्हणजे नवखा, ‘बॉट’ म्हणजे बिनडोक. दोस्तांच्या चेष्टेत ते चालून जातं; पण रोज एकालाच ऐकवत असतील, तर पोरगं आतून खचतं. आपलं पोरगं ऐकवणाऱ्यांत आहे का, तेही बघा. ‘यूसी’ आणि ‘डायमंड’ हे शब्द आले की समजा, विषय खऱ्या पैशाचा आहे. ‘आयडी विकायचीय’, ‘ओटीपी सांग’ असं कानावर पडलं तर तिथल्या तिथं विचारा.

सरकार बंदी घालेल म्हणून बसू नका. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये त्याच्याच जागी बीजीएमआय आला. तोही २०२२ मध्ये गेला, २०२३ मध्ये परतला. परतताना १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली गेली. पण वयच खोटं टाकलं तर ती काय कामाची?

त्यापेक्षा आज जेवताना सहज विचारा, “नॉक झालास तेव्हा रिव्हाइव्ह कोणी दिला रे?” तो गावातला दोस्त आहे की कुणी अनोळखी, हे पोरगं स्वतःच सांगेल.