'मोदक' : एका गुबगुबीत टंकाचा परिचय

छापील अक्षरांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. एक मजकुराचा, तो डोळ्यांत भरू नये, नुसता वाचला जावा. दुसरा मथळ्याचा, त्याने लांबून हाक मारली पाहिजे. 'मोदक' हा टंक दुसऱ्या वर्गातला. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने तो २०१० नंतरच्या दशकात सिद्ध केला. त्यातील देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांनी रेखाटली.

नावाप्रमाणे रूप आहे. वळणे फुगलेली, टोके गोल, आणि अक्षराच्या पोटातील पोकळी जवळजवळ नाहीशी. तिच्या जागी एक बारीक पांढरी फट. हा केवळ खट्याळपणा नव्हे. देवनागरीला लठ्ठपणा सहजी सोसत नाही. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, बाजूला काना. अक्षर बाहेर वाढणार कुठे? ते आतच वाढते. शिशाच्या खिळ्यांच्या काळात अशा फटीत शाई बसून अक्षराचा गोळा झाला असता. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या टंकांची कीर्ती रेखीवपणाची होती, ते योग्यच होते. तेव्हा असले गमतीदार अक्षर हवे तर ते बहुधा पेंटरच्या कुंचल्यातूनच यायचे.

आता खरी मेख. आपल्या लिपीत काही अक्षरांचा भेद पोकळीतच राहतो. 'व'च्या पोटात एक रेघ ओढली की 'ब' होतो. 'प'च्या पोटात ओढली की 'ष'. पोकळीची फट झाली की हा भेद त्या फटीवरच तगून राहतो. मी महाविद्यालयाच्या संगणक कक्षात 'बावनबीर' हा शब्द तीन मापांत छापून पाहिला. ७२ बिंदूंना तो ऐटीत उभा होता. २४ बिंदूंना वाचता आला. १२ बिंदूंना मात्र 'ब' कोणता आणि 'व' कोणता हे शब्द आधीच माहीत असल्याने कळले, एवढेच.

आपल्याला शब्द आधीच ओळखीचा असतो, म्हणून आपले निभावते. माझी आई प्रौढ वर्गात अक्षरे शिकली. ती एकेक अक्षर जोडत वाचते. तोच कागद तिच्यापुढे धरला, तेव्हा ७२ बिंदूंचा शब्द तिने हसत वाचला आणि १२ बिंदूंचा बाजूला सारून म्हणाली, "ह्यो शाईचा डाग हाय."

म्हणून बालनाट्याचा फलक, दहीहंडीची कमान, मिठाईचा खोका, मुलांच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ येथे 'मोदक' बेलाशक वापरावा. हा टंक मुक्त परवान्याचा, विनामूल्य आहे. तालुक्याच्या गावचा फ्लेक्सवालाही तो घेऊ शकतो. (शोकसभेच्या फलकावर त्याने तो घेऊ नये, हे सांगायला नकोच.) परंतु दवाखान्याची वेळ, एस. टी.ची पाटी, रेशनची सूचना यांना साधा, मोकळ्या पोटाचा टंकच हवा. तेथे थांबून वाचणाऱ्यांत माझ्या आईसारखे पुष्कळ असतात, आणि त्यांना शब्द आधीपासून माहीत नसतो.