आधी भिंतीकडे बघा

मागच्या पावसाळ्यात आमचा टीव्ही आपोआप बंद पडायला लागला. सुरुवातीला आठवड्यातून एखाद्या वेळी, मग रोज, आणि दसरा होईपर्यंत एका संध्याकाळी तीन-तीनदा. चित्र, आवाज, खालचा लाल दिवासुद्धा गुल. थोड्या वेळाने दिवा पुन्हा लागायचा, की सासूबाई रिमोट दाबून टीव्ही सुरू करायच्या. तो लाल दिवा विझत होता, तिथेच मी थांबून विचार करायला हवा होता.

मी मेकॅनिकला बोलावलं. त्याने दहा मिनिटं टीव्ही पाहिला आणि पॉवर सप्लायचं बोर्ड गेल्याचं सांगितलं. बत्तीसशे रुपये देऊन बोर्ड बदललं. त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे टीव्ही एकदाही बंद पडला नाही. दुखणं मिटलं, असं मी धरून चालले. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि पहिल्याच संध्याकाळी टीव्ही पुन्हा गेला.

त्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू इस्त्री लावलीस की हा जातो बघ. आणि तो डब्बासुद्धा पहिल्यापासून सुरू होतो." डब्बा म्हणजे सेट-टॉप बॉक्स. मुलांचे गणवेश मी रोज संध्याकाळी टीव्हीशेजारीच इस्त्री करते, आणि इस्त्रीची पिन त्याच एक्स्टेंशन बोर्डात असते. सुट्टीत गणवेश नव्हते, म्हणून इस्त्री नव्हती, म्हणून टीव्ही नीट चालला. नव्या बोर्डाचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता.

मी मेन स्विच बंद केला आणि टीव्हीचं लाकडी कपाट पुढे ओढलं. एक्स्टेंशनची पिन भिंतीतल्या सॉकेटमधून काढली, तर तिचा एक पाय काळा पडला होता. सॉकेटच्या त्या भोकाची कड तपकिरी होऊन वितळली होती. जळक्या प्लॅस्टिकचा वास नाकात शिरला आणि माझे हातपाय गार पडले. कपाटाच्या मागे पडदा आहे, आणि त्याच खोलीत मुलं झोपतात.

वायरमनने सॉकेट उघडून दाखवलं. आतल्या पितळी पट्ट्या पिनेला घट्ट धरतात, त्या सैल झाल्या होत्या. पकड सैल झाली की जोड तापतो, तापला की पट्टी आणखी सैल होते. टीव्हीला जेमतेम अर्धा अँपिअर लागतो, पण हजार वॉटची इस्त्री चारपेक्षा जास्त ओढते. इस्त्री चालू झाली की त्या ढिल्या जोडावर ताण यायचा, वीज तुटायची आणि एक्स्टेंशनवरचं सगळंच जायचं. "मग एमसीबी का पडला नाही?" मी विचारलं. एमसीबी पडतो तो लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झाला तर. इथे दोन्ही झालं नव्हतं. नुसता जोड तापत होता, आणि ते त्याला कळत नाही.

सॉकेट आणि कडक झालेली वायर बदलली, इस्त्रीला सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट काढला. तेव्हापासून टीव्ही बिनतक्रार चालू आहे.

तुमच्याकडे टीव्ही असा बंद पडत असेल, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी एवढं बघा.

टीव्हीबरोबर आणखी काय जातं? सेट-टॉप बॉक्स, वायफायचा दिवाही गेला तर दोष टीव्हीत नाही, विजेच्या जोडणीत आहे. एकटा टीव्हीच जात असेल तर तो एक-दोन संध्याकाळी दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर, एक्स्टेंशन न वापरता चालवा. ही परीक्षा फुकट आहे, आणि ती केल्याशिवाय कुठलाही पार्ट बदलू देऊ नका.

ठरावीक वेळाने बंद होतो का? मग सेटिंगमध्ये स्लीप टायमर किंवा ऑटो पॉवर ऑफ सुरू आहे का ते पाहा. बॉक्स बंद केल्यावर टीव्हीही जात असेल तर एचडीएमआय केबल काढून बघा. त्या केबलमधून एक यंत्र दुसऱ्याला बंद करू शकतं, आणि ती सोय सेटिंगमधून काढता येते. रिमोटचे सेल काढून ठेवा. एखादं बटण अडकलेलं असलं तरी हेच होतं.

आवाज चालू आणि फक्त चित्र गेलं, तर खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्च तिरका मारा. पुसटसं चित्र दिसलं तर बॅकलाइट गेलेला आहे. पाठ फार तापत असेल तर मागची जाळी धुळीने बुजलीय का आणि भिंतीपासून अंतर आहे का ते बघा.

मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

आणि टीव्ही ठणठणीत असला, तरी आज रात्री एवढं कराच. तासभर चालल्यावर स्विच बंद करा आणि पिनेच्या प्लॅस्टिकला हात लावा. ते कोमट लागलं, तर ती पिन पुन्हा लावू नका. उद्या सकाळी आधी वायरमनला बोलवा.