पडद्यावरची राजधानी : एक छोटा अभ्यास

फर्स्ट इयरच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये आपण एक गोष्ट शिकतो. नुसत्या फ्रंट व्ह्यूवरून वस्तू कळत नाही. टॉप व्ह्यू लागतो, साइड व्ह्यू लागतो, आणि आतलं दाखवायचं असेल तर सेक्शन घ्यावा लागतो. पण रात्री रूमवर हॉलिवूडचा पिक्चर लागला की आपण हे सगळं विसरतो. त्यात आपल्याकडची राजधानी दिसली की नुसत्या शिट्ट्या! ते शहर खरंच तेच आहे का, आणि त्याचा कोणता व्ह्यू दाखवलाय, हे कोणी बघत नाही. म्हणून ही तीन उदाहरणं.

१) जागा खरी, माणसंही खरी

रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा 'गांधी' (१९८२). गांधीजींच्या अंत्ययात्रेचं शूटिंग दिल्लीच्या राजपथावर (आताचा कर्तव्य पथ) ३१ जानेवारी १९८१ रोजी झालं, म्हणजे खऱ्या अंत्ययात्रेनंतर बरोबर ३३ वर्षांनी. सुमारे ३ लाख लोक आणि ११ कॅमेरे! कस्तुरबा होत्या रोहिणी हट्टंगडी, तर गोखले डॉ. श्रीराम लागू. वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. दिग्दर्शक परदेशी होता, पण इथली माणसं जाणणारे लोक कामात होते. म्हणून ती दिल्ली परकी वाटत नाही.

२) जागा खरी, पण एकच सेक्शन

आपल्या राज्याची राजधानी मुंबई. डॅनी बॉइल यांच्या 'स्लमडॉग मिलेनियर'ला (२००८) ८ ऑस्कर मिळाले. शूटिंग खऱ्या झोपडपट्टीत झालं, शेवटचं गाणं सीएसटी स्टेशनवर. यात खोटं काही नाही. पण धारावीतला कुंभारवाडा, चामड्याचे कारखाने, भंगारातून नवा माल तयार करणारे उद्योग पिक्चरमध्ये जवळजवळ नाहीतच. सेक्शन बरोबर आहे हो, पण तो कुठून घेतलाय ती रेषा प्रेक्षकाला दाखवलेली नाही.

३) नाव एका शहराचं, रस्ते दुसऱ्याचे

'एक्स्ट्रॅक्शन' (२०२०) मध्ये बरीचशी मारामारी बांगलादेशची राजधानी ढाका इथे घडते. प्रत्यक्षात शूटिंग मुख्यतः अहमदाबाद आणि थायलंडमध्ये झालं! वर सगळ्या शहरावर पिवळट रंग. हा रंग तिथल्या उन्हाचा नाही, नंतर कॉम्प्युटरवर कलर ग्रेडिंगमध्ये चढवलेला असतो. जागा बदलण्यामागे परवानग्या, सुरक्षा, खर्च अशी कारणं असू शकतात, ते समजू शकतं. पण ज्याने ढाका कधी पाहिलं नाही, त्याच्या डोक्यात ढाका कायमचं पिवळं आणि गुंडांचं होऊन बसतं.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे. बीडचं नाव सांगितलं की बाहेरची माणसं लगेच विचारतात, "तिकडे दुष्काळ ना? ऊसतोड कामगार ना?" दोन्ही खरं आहे, आणि लपवण्यासारखं त्यात काहीच नाही. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर जातात, तेव्हा कुठे इथली फी भरली जाते. पण तो एक व्ह्यू झाला. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी असलेलं अंबाजोगाई, परळीचं ज्योतिर्लिंग, बीडची जुनी खजाना विहीर, हेही बीडच आहे. आपण स्वतःच बाकीचे व्ह्यू काढले नाहीत तर दुसऱ्याने काढलेला एकच व्ह्यू फायनल ड्रॉइंग ठरतो. उद्या इंटरव्ह्यूला जाऊ तेव्हा समोरच्याच्या डोक्यात तेच ड्रॉइंग असणार.

स्वाध्याय :

१. पुढचा पिक्चर संपल्यावर लगेच बंद करू नका. शेवटची नामावली वाचा, शूटिंग कुठे झालं ते बऱ्याचदा तिथे सापडतं.

२. शहराला कोणता रंग दिलाय, आणि तिथल्या माणसांना बोलायला किती वाक्यं दिलीत, ते मोजा.

३. आपल्या गावाचे तीन व्ह्यू प्रत्येकी पाच ओळींत लिहा. दुष्काळ त्यात येऊ द्या, पण तो तीनपैकी एकच असू द्या.