मृगाआधी ठासणीच्या बंदुकीची सफाई

अमरावती-अकोल्याकडे हरभरा निघाला, शेतं मोकळी झाली की शेतराखणीची ठासणीची बंदूक खुंटीला जाते. बार उडवला त्याच दिवशी ती धुवायला हवी. ते जमत नसेल तरी पाऊस लागण्याआधी एकदा पुरी सफाई कराच. काळी दारू जळाली की नळीत क्षारांची राख उरते. ती हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते. ही राख तेलाने जात नाही, पाण्यात विरघळते. म्हणून आधी पाणी, मग तेल. नुसतं तेल सोडलं तर नळी वाया जाते.

सगळ्यात आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री. नळीचं तोंड मोकळ्या दिशेला, निपलावर टोपी नाही, हात तोंडासमोर नाही. गज तळापर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहा. खूण तोंडाशी जुळवली की गजाचं टोक निपलापाशी पोचलं पाहिजे. तीन-चार बोटं अलीकडे थांबलं तर आत बार आहे असंच समजा. तो घरी उपसू नका. परवानाधारक कारागिराला कळवा आणि तो सांगेल तसंच करा.

रिकामी असेल तर नळी दस्त्यापासून सोडवा, निपल काढा. मागचं टोक बादलीतल्या गरम साबणपाण्यात बुडवून गजाला सुती चिंधी गुंडाळा आणि वर-खाली करा. काळं पाणी निघेल. स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. शेवटचं पाणी उकळतं आणि बिनसाबणाचं हवं. नळी तापली की आतली ओल उडून जाते. धरायला जाड फडकं घ्या. मग पांढऱ्या कोरड्या चिंध्या फिरवा, डाग लगेच दिसतो. निपल, घोडा पुसून सगळ्याला मशीनचं पातळ तेल, अगदी हलका हात.

दस्त्याला आपल्याकडचं जवसाचं तेल उत्तम. पातळ चोळा, थोड्या वेळाने जास्तीचं पुसा. पण त्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं, ढिगातली चिंधी आपोआप पेटू शकते. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवा किंवा अंगणात सुट्या पसरा.

बंदूक चामड्याच्या खोळीत ठेवू नका, खोळ ओल धरते. कुलपात ठेवा, दारू आणि टोप्या वेगळ्या जागी, चुलीपासून लांब. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीला परवाना मिळतो, पण परवान्याशिवाय दारूगोळा घरी तयार करणं गुन्हा आहे. रोही किंवा रानडुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

निवडणुकीत ठाण्यात जमा करायचा आदेश आला तर हीच सफाई करून द्या, पावती घ्या आणि परत आल्यावर नळी उघडून आत एकदा पाहा.