सकाळची मशेरी शेवटी सोडायची

मशेरीला घरात कोणी व्यसन म्हणत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटावर घेऊन दातांवरून फिरवायची आणि म्हणायचं, ‘दात घासतेय.’ पण दात एकदा-दोनदा घासले की भागतं; मशेरी पाच-सहा वेळा लागते. तिच्यातलं निकोटीन हिरडीतून रक्तात उतरतं, साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि शरीर पुन्हा मागायला लागतं. आणि नुकसान लावणारीपुरतं राहत नाही. मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा संशोधक प्रकाश गुप्ता यांनी केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तोंडातून तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळं वजनाला सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरली होती. त्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त चालत होती ती मशेरीच.

देवापुढे शपथ घेऊन मशेरी सोडलेल्या बायका चार दिवसांत पुन्हा डबीकडे वळतात. त्यात निर्धाराची कमतरता नसते. शपथ मनाने घेतलेली असते आणि सवय मात्र मोरीशी, चहाशी, दुपारच्या उंबरठ्यावरच्या गप्पांशी बांधलेली असते. म्हणून तिथल्या गाठी एकेक करून सोडवायच्या. वाचता येत नसेल तर लेकीने किंवा नातवाने ही कृती वाचून दाखवावी.

पहिले चार दिवस काहीच सोडू नका, फक्त मोजा. सकाळी पदराला दहा हरभरे बांधा. मशेरी लावली की एक हरभरा वाटीत टाकायचा आणि त्याच्या आधी काय झालं ते आठवायचं. भांडी घासून झाली होती? सुनेशी बोलाचाली झाली होती? शेजारीण आली होती? रात्री सगळं घरच्या कुणाकडून लिहून घ्या. चौथ्या दिवशी बहुतेकींच्या लक्षात येतं की दोन-तीन वेळा खरी तलफ होती. बाकीच्या वेळी हात आपोआप डबीकडे गेला होता.

पाचव्या दिवशी तवा. मशेरी भाजायचा तवा बहुधा वेगळा, जुना असतो. तो भंगारात द्या. कनवटीची डबी काढून माळ्यावर किंवा शेजारणीकडे ठेवा. उठून, चालून, मागून आणावी लागली की निम्म्या वेळा तो विचारच मावळतो. घरात दुसरं कोणी मशेरी भाजत असेल तर तेवढ्यापुरतं बाहेर भाजायला सांगा; त्या वासाने भले भले निर्धार ढळतात.

आता बिनतलफेच्या वेळा काढायच्या. इथे पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने मांडलेली एक साधी युक्ती कामाला येते. ‘मी कमी करीन’ असं मोघम न म्हणता ‘जेव्हा अमुक, तेव्हा तमुक’ असं नेमकं वाक्य ठरवायचं. ‘भांडी पालथी घातली, की बडीशेप तोंडात टाकीन.’ ‘शेजारीण डबी पुढे करील, तेव्हा मी लवंग काढीन.’ वाक्य मोठ्याने, तीनदा म्हणा. एका वेळेला एकच वाक्य, आणि ते तीन-चार दिवस अंगवळणी पडलं की मग पुढची वेळ. मशेरीऐवजी तपकीर किंवा गुल मात्र घेऊ नका. ती तंबाखूच आहे.

सकाळची वेळ सगळ्यात अवघड, म्हणून ती शेवटी. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे बायका उगाच सांगत नाहीत. निकोटीन आतड्यांना चालना देतं आणि ते बंद झालं की काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकतं. त्याची तयारी आठवडाभर आधीपासून करा: रात्री पालेभाजी, पेरू किंवा भिजवलेल्या मनुका, उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, अंगणात दहा मिनिटं फेऱ्या. मग ब्रश आणि साधी पेस्ट. बोटाने घासू नका, कारण बोट हिरडीला लागलं की जुनी ओढ जागी होते.

सकाळची मशेरी सोडायचा दिवस ठरवताना लग्नघर, लावणीची घाई, आजारपण टाळा. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात: डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप मोडते. प्रत्येक तलफ मात्र काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हात कामात ठेवा, पाण्याचे घोट घ्या. तीन-चार आठवड्यांत बराचसा त्रास निवतो. घरच्यांनो, या दिवसांत आईच्या तोंडून निघालेला शब्द मनावर घेऊ नका आणि ‘सोडलीस ना?’ म्हणून रोज तपासणीही करू नका. फारच असह्य झालं तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. निकोटीनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारूनच घ्या, गरोदरपणात तर नक्कीच.

एखाद्या दिवशी लावली गेलीच, तर चूळ भरा आणि त्या दिवसाचं वाक्य पुन्हा म्हणा. ‘आता मोडलंच’ म्हणून डबी खाली उतरवू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी कशा रुजतात ते पाहिलं. सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने घडी विस्कटली नाही. म्हणून शेजारणीची महिन्यात सुटली तरी तिच्याशी तुलना नको.

याच काळात दर पंधरा दिवसांनी उजेडात आरसा घेऊन गाल, हिरड्या, जिभेच्या कडा बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यांतलं काहीही दिसलं तर दुखत नसलं तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दातांच्या डॉक्टरांकडे जा. किती वर्षं मशेरी लावली तेही त्यांना न लाजता सांगा.