टॅपलिंगचा ठेवा : टपाल-तिकिटांतून इतिहासाकडे

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि बखरी आपल्या डोळ्यांसमोर येतात. पत्रावरील टपाल-तिकीटही याच मालिकेत बसते, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. म्हणून थॉमस टॅपलिंग या इंग्रज व्यापाऱ्याचे चरित्र आपण येथे अभ्यासू.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. पूर्वी इंग्लंडात टपालहशील अंतरावर ठरे आणि तो बहुधा पत्र घेणाऱ्यालाच भरावा लागे. गरिबाच्या दारी पत्र येणे म्हणजे खर्चच येणे. रोलंड हिल यांच्या सुधारणेमुळे 1840 साली देशभर एक पेनीचा समान दर लागू झाला आणि ‘पेनी ब्लॅक’ हे जगातील पहिले चिकटतिकीट निघाले. आपल्याकडे 1854 साली अर्ध्या आण्यात हलके पत्र देशात कोठेही जाऊ लागले.

टॅपलिंग यांचा जन्म 1855 चा. हॅरो व केंब्रिज येथे शिक्षण झाल्यावर ते कायदा शिकले. परंतु 1882 मध्ये वडील वारले आणि लंडनमधील गालिच्यांचा घरचा व्यापार त्यांच्याकडे आला. 1886 मध्ये ते पार्लमेंटचे सभासद झाले. तिकिटे जमविण्याचा छंद मात्र बालपणापासूनचा. पॅरिसच्या कायबोत बंधूंचा नामांकित संग्रहही त्यांनी विकत घेतला; त्यांपैकी गुस्ताव्ह हे प्रसिद्ध चित्रकार होते. हवाई बेटांची दुर्मीळ ‘मिशनरी’ तिकिटे आणि 1854 चे भारतीय चार आण्यांचे तिकीटही टॅपलिंग यांच्याकडे होते. हे भारतीय तिकीट कलकत्त्यास दोन रंगांत छापताना व्हिक्टोरिया राणीचे मस्तक उलटे पडले होते.

1891 मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, टॅपलिंग निवर्तले. मृत्युपत्रान्वये संग्रह ब्रिटिश म्युझियमला मिळाला. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत अखंड आहे.

या अखंडतेचे मोल कळण्यासाठी फेरारी यांचे उदाहरण पाहावे. त्यांचा संग्रह याहूनही मोठा. 1917 मध्ये मृत्यू झाला तेव्हा त्यांनी तो बर्लिनच्या टपाल-संग्रहालयास लिहून दिलेला होता; परंतु महायुद्धामुळे फ्रेंच सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून तो जप्त केला आणि 1921 पासून लिलावात विकला. तिकिटे उरली, संग्रह विखुरला. दानाची इच्छा दोघांचीही होती. एकाचीच फळास आली.

यातून आपण काय घ्यावे? दुर्मीळ तिकिटे विकत घेण्याची ऐपत थोड्यांचीच. जपण्याची दृष्टी मात्र सर्वांना साधते. आपल्या घरांतील जुनी पत्रे रद्दीत जाण्यापूर्वी एकदा पाहावीत. पाकिटावरील तिकीट उचकटू नये. शिक्क्यावरचे गाव व तारीख त्याच्याबरोबर नष्ट होते. पत्र कोणी, कोणाला, कोठून लिहिले, एवढे वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवावे आणि तो ठेवा पुढे कोणाच्या हाती सोपवायचा, हे वेळीच ठरवावे.