न उघडणाऱ्या मोटरचा वेग

रिमोट कारच्या खोक्यातून निघणारी चंदेरी मोटर बहुधा 540 मापाची असते: साधारण 36 मिलिमीटर जाड, 50 मिलिमीटर लांब. तिचं कवच कारखान्यातच दुमडून कायमचं बंद केलेलं असतं. ब्रश बदलणं, तार नव्याने गुंडाळणं हा मार्गच नाही. पक्कड घेऊन ते उघडायला बसणाऱ्याच्या हाती शेवटी भंगार लागतं. वेग काढायचा तो आजूबाजूने.

आधी आहे तो वेग मोजा. मोकळ्या सिमेंट रस्त्यावर 20 मीटर अंतराने खडूच्या दोन रेघा मारा, गाडी मागून पळवत आणा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. हे अंतर 3 सेकंदांत कापलं, तर वेग ताशी 24 किलोमीटर. बॅटरी दर वेळी पूर्ण भरलेली हवी.

मोटर नवी असेल तर ब्रश बसवून घ्या. नव्या कार्बनचं टोक कम्युटेटरच्या गोलाईला पुरतं टेकत नाही, म्हणून ठिणग्या पडतात. मोटर गाडीतून काढा, दांड्यावरचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, उतरवा आणि टॉर्चच्या दोन मोठ्या सेलवर, म्हणजे 3 व्होल्टवर, नुसतीच फिरू द्या. गाडी पुढे जाताना फिरते त्याच दिशेने. पाच-सात मिनिटं चालवा, गार होऊ द्या, परत चालवा. मल्टिमीटरची तार 10 अँपिअरच्या खाचेत घालून तो मधे जोडला, तर आधी थरथरणारा आकडा हळूहळू उतरून स्थिरावताना दिसतो. आवाजातली खरखरही जाते. तिथे थांबा. पाण्याच्या पेल्यात मोटर बुडवून हेच काम झटपट उरकणारे पुष्कळ आहेत. ब्रश लवकर बसतात खरे, पण झिजतातही तितकेच. ते बदलता येत नसताना हा सौदा मला पटत नाही.

मग कवचाच्या फटींतून कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून काळी भुकटी काढा, पूर्ण सुकू द्या. दोन्ही टोकांच्या बुशवर सुईच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. जास्त नको, तेल ओघळून कम्युटेटरवर गेलं की कार्बनचा चिखल होतो. कवचाला डाग दिलेले छोटे कपॅसिटर तसेच राहू द्या. ते काढून वेग वाढत नाही, रिमोटचा सिग्नल मात्र बिघडतो.

आता गाडी. चाकांतल्या प्लॅस्टिक बुशच्या जागी बॉल बेअरिंग घाला. पैसे घालायचेच तर पहिले इथे. आपल्या वर्धा जिल्ह्यात आणखी एक भानगड असते, ती रुईची. कापसाच्या हंगामात हिंगणघाट, आर्वीकडे जिनिंगच्या आसपास रस्त्यावर रुई उडत असते. ती चाकाच्या दांड्याला आणि पिनियनच्या मागे पीळ घालून बसते, बुशमधलं तेल शोषते, वर काळ्या मातीची धूळ धरते. चाक हाताने फिरवून सोडा. लगेच अडलं, तर ते काढून चिमट्याने धागा उलटा सोडवा. वेग इथेच गेलेला सापडतो, पुष्कळदा.

त्यानंतर पिनियन. 20 दात्यांऐवजी 21 दात्यांचा लावला की त्याच फेऱ्यांत गाडी 5 टक्के पुढे जाते. उठाव मात्र कमी होतो आणि मोटर तापते. एका वेळी एकच दाता वाढवा. मोटरचे स्क्रू आवळताना दोन गिअरच्या मधे वहीच्या कागदाची पट्टी ठेवा आणि नंतर ओढून काढा, म्हणजे हवी तेवढी फट राहते.

तीन-चार मिनिटं पळवून कवचाला बोट लावा. दोन सेकंदही टेकवत नसेल, तर तो दाता परत काढा. फेराइट चुंबकाची ताकद दर अंशामागे साधारण 0.2 टक्क्याने घटते, मोटर जास्त वीज ओढते, आणखी तापते. मे महिन्यात वर्ध्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा हिवाळ्यात चाललेला पिनियन दुपारी चालेलच असं नाही. सकाळी सातच्या आत पळवा किंवा कवचावर छोटा पंखा बसवा.

7.2 व्होल्टच्या निकेल बॅटरीऐवजी दोन सेलची लिथियम पॉलिमर, म्हणजे लिपो, लावली, तर पूर्ण चार्जवर 8.4 व्होल्ट मिळतात आणि फरक लगेच दिसतो. पण स्पीड कंट्रोलरमध्ये लिपोसाठीचा कटऑफ असेल तरच. नाहीतर सेल फार उतरून फुगतात. ती चार्ज होत असताना जवळ थांबा, आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नका.